लघवीची गोळी : आठ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

बीपी १६०/९८ च्या आसपास आणि संध्याकाळी पाय इतके सुजायचे की मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ रात्री झोपेपर्यंत जायचा नाही, घोट्याजवळ अंगठा दाबला की खड्डा तसाच राहायचा. डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन ही लघवीची गोळी १२.५ मिलिग्रॅम सुरू केली, सकाळीच घ्यायची म्हणाले. मी पहिल्याच आठवड्यात दोनदा विसरले आणि दुपारी चारला घेतली, मग रात्री तीन-तीनदा उठणं. तेव्हापासून ब्रशशेजारीच ठेवते.

पहिल्या दहा दिवसांत वजन दीड किलो उतरलं. ते पाणी असतं बरं का, चरबी नाही. सारखं लघवीला जाणं दोन-तीन आठवड्यांत बरंच कमी झालं, पण बीपी हवं तेवढं उतरेना म्हणून डोस २५ झाला. बीपी आलं १२८/८० वर, मी खूश, आणि इथेच चुकले. डॉक्टरांनी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते दाखवणारं) तपासायला सांगितलं होतं ते आज करू उद्या करू म्हणत दीड महिना ढकललं. मग एका पहाटे पोटरीत असा गोळा आला की पाय सरळच करता येईना, दिवसभर अंगात त्राण नाही. पोटॅशियम निघालं ३.१, नॉर्मल साधारण ३.५ ते ५. ही गोळी पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर काढते आणि ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे मला तेव्हा नीट कळलं. म्हणून कळकळीने सांगते, ती ब्लड टेस्ट म्हणजे अर्धं औषधच आहे, टाळू नका.

आता परत १२.५ आणि जोडीला स्पायरोनोलॅक्टोन, ती पोटॅशियम धरून ठेवते. पण मग उलटं, ते जास्त वाढायला नको म्हणून कमी सोडियमचं मीठ वापरत होते ते बंद करायला लावलं, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं. गुडघेदुखीला आयब्युप्रोफेन घ्यायचे तेही बंद, त्याने बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. उलट्या-जुलाब झाले तर गोळी चालू ठेवायची का हे आधी फोन करून विचारायचं, असं बजावलंय. ज्यांना गाउट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखणं) आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगा, क्लोरथॅलिडोनने युरिक ॲसिड वाढतं.

आता पोटॅशियम ४.२ आहे, गोळे थांबलेत, मोज्याचा वळ पण अगदी पुसट उमटतो. पुढची टेस्ट तीन महिन्यांनी, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीये.