पाच तारखेचे ४८ हजार

सव्वा कोटीचं काम बारा लाखांत होतंय म्हटल्यावर ज्याला शंका आली नाही, तो मी.

आधी हिशेब सांगतो, कारण फसलो तो हिशेबातच. आमचं घर महिन्याला ४२ हजारांत चालतं, म्हणजे वर्षाला पाच लाख. लवकर रिटायर व्हायचं तर वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पैसा गाठीला हवा, असा ढोबळ नियम यूट्यूबवर सगळे सांगतात. झाले सव्वा कोट. मी तेव्हा ४६ वर्षांचा, नाशिकला अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला, तीन शिफ्ट आणि कमरेला पट्टा. सव्वा कोट या जन्मात जमत नाहीत हे मला कळत होतं. अशात २०२२ च्या मे महिन्यात कंपनीतल्याच एकानं मोबाइल पुढे धरला. पाच तारीख, खात्यात २० हजार जमा. म्हणाला, "पॅसिव्ह इन्कम. झोपेत येतात."

ऑफिस गंगापूर रोडला. कंपनीला सुट्टी शनिवारी, म्हणून शनिवारीच गेलो. काचेचं दार, थंडगार एसी, भिंतीवर तीन मोठे टीव्ही आणि त्यांवर लाल-हिरव्या कॅन्डल, म्हणजे भावाच्या चढउताराच्या पट्ट्या, सरकतायत, वर 'निफ्टी' लिहिलेलं. तिशीतला पोरगा, सगळे 'सर' म्हणत होते म्हणून मीही म्हणायला लागलो. त्यानं चहा मागवला, माझ्या कमरेची चौकशी केली. शनिवारी शेअर बाजार बंद असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोक्यातच आलं नाही. त्या कॅन्डल सरकत होत्या हे वर्षभरानं पोलिसांत जबाब देताना माझ्याच तोंडून निघालं, आणि लिहिता लिहिता साहेबांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

भिंतीवर फ्रेमा होत्या. शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी, उद्यम, कंपनी नोंदणीचा कागद. सगळे खरे असतील. पण यातल्या एकाही कागदावर लोकांकडून पैसे घेऊन बाजारात लावता येत नाहीत. त्यासाठी सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, आणि ती सेबीच्या वेबसाइटवर नाव टाकून दोन मिनिटांत बघता येते. नोंदणी असलेल्या पोर्टफोलिओ मॅनेजरलाही, म्हणजे लोकांचे पैसे बाजारात सांभाळणाऱ्यालाही, ५० लाखांच्या आतलं गिऱ्हाईक घेता येत नाही. ठरावीक परताव्याची हमी तर त्यालाही देता येत नाही. इथे दोन लाखांपासून सुरुवात होती आणि महिन्याला ४ टक्क्यांची हमी.

"आम्ही आठ-दहा टक्के काढतो, त्यातले चार तुम्हाला." हे वाक्य मी नंतर कितीतरी रात्री उलटंपालटं केलं. महिन्याला दहा टक्के काढणाऱ्याला बँक वर्षाला चौदा टक्क्यांनी कर्ज देईल. तो मला वर्षाचे ४८ कशाला देईल?

जूनमध्ये दोन लाख भरले. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून करार हातात आला, सोबत मुद्दलाचा चेक, तारीख न घातलेला. करार मी वाचला नाही, घडी घालून कपाटात ठेवला. त्यात गुंतवणूक हा शब्दच नव्हता. मी त्या पोराला 'मैत्रीखातर हातउसने' दिले होते! ठेवी घेतल्याचा आळ येऊ नये म्हणून ही पळवाट, असं वकिलांनी सांगितलं.

जुलै ते ऑक्टोबर, दर पाच तारखेला आठ हजार. टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, वगैरे काही नाही, आणि पासबुकात पाठवणाऱ्याचं नाव दर वेळी वेगळं. मी कौतुकानं म्हणायचो, केवढा मोठा कारभार आहे. दिवाळी झाली आणि अजून दहा लाख टाकले. एफडी मोडून चार, हिच्या दागिन्यांवर अडीच, पर्सनल लोनचे साडेतीन. ही म्हणाली, "अहो, निदान पाटल्या तरी राहू द्या." ऐकलं नाही. बारा लाखांवर महिना ४८ हजार. घरखर्च जाऊन सहा हजार उरतात म्हणून मी राजीनामासुद्धा टाइप करून ठेवला. पुढच्या दिवाळीचा बोनस हातात पडू दे म्हणून दिला नाही, एवढंच नशीब.

चार टक्क्यांनी मुद्दल सुटायलाच २५ महिने लागतात. तोपर्यंत तो देतो ते आपलेच पैसे. मला ११ महिने मिळाले, एकूण ३ लाख ६८ हजार.

आता सांगायला जड जातं ते. जानेवारीत मी कंपनीतल्या मित्राचे तीन लाख भरायला लावले, मार्चमध्ये साडूंचे पाच. दोन टक्के 'रेफरल' म्हणून मला १६ हजार मिळाले. पैशाची फार गरज होती असं नाही, पण साडूंसमोर शहाणं ठरायची होती. ते दोन तारखेला भरायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. पाच तारखेला माझे ४८ हजार वेळेवर आले. कुठून आले असतील, हे आता वेगळं सांगायला नको.

२०२३ च्या जूनमध्ये मेसेज आला: सिस्टीम अपग्रेड, १५ दिवस उशीर. जुलैत म्हणे मुद्दल वर्षभर लॉक करा, सहा टक्के देतो. काही जणांनी त्यातही भर घातली. ऑगस्टमध्ये ऑफिसला कुलूप.

चेकवर तारीख घालून भरला तर 'खाते बंद' असा मेमो आला. तेही चेक न वटल्याच्या कलम १३८ मध्ये बसतं, पण मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. "थोडं थांबा, सर देणार आहेत" असं सांगत एकमेकांना धरून बसलेल्यांचे ते ३० दिवस तिथेच गेले. आर्थिक गुन्हे शाखेत आम्ही गटानं तक्रार दिली. १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लागला तर मालमत्ता जप्त होऊन कोर्टामार्फत वाटप होतं. पण जप्त करण्यासारखं काही सापडायला हवं. इथे गाडी भाड्याची, फ्लॅट भाड्याचा, बहुतेक ते टीव्हीही.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही किती जण आणले?" २०१९ च्या केंद्राच्या कायद्यानं अशा योजनेत दुसऱ्याला ओढणंही गुन्ह्यात येतं, हे मला तिथे खुर्चीवर बसून कळलं. १६ हजार मी त्याच आठवड्यात दोघांना वाटून दिले.

हल्ली अधूनमधून फोन येतो: तुमची रक्कम मंजूर झालीय, फक्त प्रोसेसिंगचे १५ हजार भरा. आमच्या यादीतले नंबर कुणीतरी विकलेत. दोघांनी भरलेसुद्धा.

मित्र बोलत नाही. साडू बोलतात, पण पैशांचा विषय काढत नाहीत. त्यांना मी महिन्याला दहा हजार देतो. तारीख त्यांनी ठरवली नव्हती, मीच पाच धरली.