जुन्या ट्रेलरचा अॅल्युमिनियम पत्रा: उघडं पॉलिश की नवा क्लिअरकोट?

पत्रा उघडा ठेवून पॉलिश करा की वर क्लिअरकोट म्हणजे पारदर्शक थर मारा, जुना कोट दोन्ही पर्यायांत उतरवावाच लागतो, तेव्हा ती मेहनत या हिशोबात धरू नका. एवढंच की मिथिलीन क्लोराईडवालं स्ट्रिपर (कोट उतरवायचं रसायन) अमेरिकेत 2019 पासून घरगुती वापरासाठी बंद आहे, बेंझिल अल्कोहोलवालं चालतं पण सावकाश, आणि उन्हात मारलं तर पत्र्यावर वाळून बसतं, म्हणून सावली बघा.

क्लिअरकोटची मजा म्हणजे धुतलं की काम संपलं, बोटांचे ठसे उठत नाहीत, आणि मारणाऱ्याचा हात चांगला असेल तर पहिली काही वर्षं खरंच झकास दिसतो. तोपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

माझं अडलं ते रिव्हेटपाशी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांपाशी. रिव्हेटच्या कडेला आणि पत्र्याच्या कापलेल्या काठाला कोट कितीही जपून मारा, कुठेतरी कमी पडतो, तिथून ओल शिरते आणि कोटाखालून पांढरे दोरे वळवळत पुढे सरकायला लागतात. फिलिफॉर्म गंज म्हणतात याला, खारी हवा किंवा रस्त्यावरचं मीठ असेल तर अजून लवकर. वैताग हा की ते रोज डोळ्यांना टोचतं पण हाताला लागतच नाही, कोटाच्या आत बसलेलं असतं ना! माझ्या टेललाईटभोवती असा गंज बोटभर जागेतच होता, तेवढीच दुरुस्त केली तर जोड दिसतो, नाहीतर अख्खं पॅनल उतरवा.

उघड्या पत्र्यावर डाग पडला की तेवढाच घासला, विषय संपला. कष्ट आहेत, नाही म्हणत नाही. आधी रोटरीवर (गोल फिरणारं पॉलिशचं मशीन) लोकरी पॅड, मग त्याचे गोल वळ घालवायला सायक्लो (दोन पॅडचं पॉलिशचं मशीन), रिव्हेटभोवती काळा मळ अडकतो तो कॉर्नफ्लोर लावून पुसायचा, आणि अधूनमधून परत हात फिरवावाच लागतो. सँडपेपर मात्र नको हां. हा पत्रा बहुधा अल्क्लॅड असतो, वरचा शुद्ध अॅल्युमिनियमचा थर दर बाजूला जाडीच्या साधारण 5 टक्के, म्हणजे 0.8 मिमी पत्र्यावर 0.04 मिमी, तो गेला की खालचा तांबंमिश्रित धातू लवकर गंजतो.

ट्रेलर वर्षभर उघड्यावर असेल आणि पॉलिशचा मनापासून कंटाळा असेल तर कोट घ्या, चूक म्हणणार नाही. फक्त मारणाऱ्याला आधी विचारा की रिव्हेट आणि काठ कसे करणार, आणि उत्तर गोलगोल आलं तर मी तरी पॉलिशचं मशीनच उचलेन.