एक्स-प्लेन १२ : हवेत अल्टरनेटर बंद पाडून बघितला, एका वायरिंगवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी पायलट बियलट नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, सेल्फ, डायनमो, हॉर्न, ट्रॅक्टरच्या लाईटी, २२ वर्षं झाली. बहिणीचा पोरगा विमान शिकतोय, सुट्टीला आला की माझ्याकडंच पडीक असतो, त्यानं हे एक्स-प्लेन १२, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचं सॉफ्टवेअर, माझ्या पोराच्या कॉम्प्युटरवर टाकून दिलं आणि आता पोरगं राहिलं बाजूला, शटर ओढून घरी आलो की मीच बसतो.

ह्याच्यात आपल्या कामाची गोष्ट म्हणजे फेल्युअरची यादी. जनरेटर, बॅटरी, पंप, काटे, एकेक वस्तू निवडून नादुरुस्त करता येते, अमुक उंचीवर गेल्यावर, अमुक मिनिटांनी, नाहीतर बटण दाबलं की लगेच. 'जाईल तेव्हा जाईल' असंही ठेवता येतं, आणि खरी फजिती त्यातच होते.

पहिल्या दिवशी सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून निघालो (विमानांच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, तो विषय नको, त्यावरून गावात भांडणं झालीत). भाच्यानं गुपचूप जनरेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, बंद पाडला. मला कळलंच नाही लगा! इंजिन चालू, लाईटी चालू, रेडिओ चालू, मी खाली शेतं बघत बसलेलो. त्यानं पॅनलवर बोट ठेवलं तेव्हा बघितलं, अ‍ॅमीटरचा काटा मायनसला (म्हणजे बॅटरी रिकामी होतीय) आणि लो व्होल्टची लाईट पेटलेली. "मामा, दुकानात पण असंच करता काय?" आता काय बोलणार, गिऱ्हाइकाला रोज मीच सांगतो की चार्जिंगची लाईट लागली की गाडी लगेच बंद पडत नाही म्हणून लोक तसंच दामटतात आणि मग बार्शीच्या रस्त्याला ढकलत बसतात.

१७२ एस मध्ये २४ व्होल्टची बॅटरी आणि २८ व्होल्टचा अल्टरनेटर असतो, साडेचोवीसच्या खाली आलं की ती लाईट लागते. मास्टर स्विच दोन तुकड्यांत, एक बॅटरीचा, एक अल्टरनेटरचा. अल्टरनेटरचा तुकडा बंद करायचा, अल्टरनेटर फील्डचा ब्रेकर (जादा करंट गेला की उडणारं बटण) बाहेर आलाय का बघायचा, आला असेल तर दाबायचा, परत चालू. ब्रेकर एकदाच दाबायचा, दुसऱ्यांदा उडाला तर हात लावायचा नाही, कारण वायर कुठं तापतीय ते तुम्हाला दिसत नाही. बंद-चालू करायचं कारण असं की व्होल्टेज जास्त चढलं की कंट्रोल युनिट स्वतःच अल्टरनेटर कापून टाकतं, ते ह्यानं रिसेट होतं. आपल्याकडं रेग्युलेटर मेला की बॅटरी उकळते बघा, तसं होऊ नये म्हणून. तरी लाईट राहिली तर अल्टरनेटर बंद ठेवायचा, नको ती लाईट, नको तो रेडिओ बंद, आणि जवळचं विमानतळ धरायचं. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर आपण एकच पंखा ठेवतो तसंच हे. तेवढ्यात ट्रान्सपाँडरवर (खालच्या रडारला विमानाचा नंबर पाठवणारा डबा) ७६०० लावून ठेवायचं, म्हणजे खालच्यांना कळतं की ह्याचा रेडिओ गेलाय. बॅटरी बसल्यावर ते पण लावता येत नाही, म्हणून आधीच. मग टॉवरवाले दिवा दाखवतात, सलग हिरवा म्हणजे उतर, सलग लाल म्हणजे घिरट्या घाल.

आणि इंजिन? मला वाटायचं बॅटरी बसली की विमान खाली. भाचा म्हणाला, "मामा, लुना आठवा." लुनाला कुठं बॅटरीवर ठिणगी पडायची, मॅग्नेटवर चालायची. ह्या विमानाला तर दोन मॅग्नेटो, सिलिंडर ४ आणि प्लग ८. मास्टर बंद करून बघितलं, इंजिन डुगडुगत राहिलं. पण हे सगळ्या विमानांना लागू नाही हां. २००७ ला जर्मनीत श्पायर इथं डायमंड डीए४२ ह्या दोन इंजिनांच्या विमानाची बॅटरी उतरलेली, बाहेरून करंट देऊन स्टार्ट केलं, उडाल्यावर चाकं आत घेताना व्होल्टेज पडलं आणि दोन्ही इंजिनं बंद, कारण तिथं इंजिन कॉम्प्युटरवर चालतं. रोज दुकानात जंपर लावून गाड्या पाठवणाऱ्या माणसाला हे वाचून घाम फुटला.

उतरताना खरी गंमत. १७२ चे फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या, उतरताना खाली सोडतात) करंटवर चालतात, म्हणजे बॅटरी गेली की फ्लॅप नाहीत, वेग ६५ ते ७५ नॉट धरून उतरायचं, विमान तरंगतच राहतं. तीनदा रनवे संपवून शेतात घातलं. चौथ्यांदा बसलं. स्पीडचा आणि उंचीचा काटा हवेवर चालतो म्हणून ते जिवंत राहतात, पेट्रोलचे काटे मात्र झोपतात, म्हणून भाचा निघतानाच घड्याळ बघायला लावतो.

कमी काय? वास नाही. आमचं निम्मं निदान नाकानं होतं, जळक्या इन्सुलेशनचा वास आला की बॉनेट उघडायच्या आधी हात बॅटरीच्या टर्मिनलकडं जातो. खऱ्या विमानात तो वास आला तर पहिलं मास्टर बंद, हे कॉम्प्युटरपुढं बसून अंगवळणी पडत नाही. अजून एक, साध्या ग्राफिक कार्डावर हे धावत नाही, कॉम्प्युटर दमदार पाहिजे, आधी डेमो टाकून बघा.

पाचपैकी चार. जॉयस्टिक नव्या पेठेतल्या एका दुकानातून घेतली, महिन्यात डावीकडं ओढायला लागली, दुकानदार म्हणाला वॉरंटी बसत नाही, मीच खोलून आतली वायर झाळून घेतली, आता चालतीय.