गुरूचे चंद्र, टायटन की व्हेस्टा? पुण्याच्या गच्चीवरून सुरुवात कुठून करायची

परवा वहिनीचा फोन आला. "भाऊजी, याच्या वाढदिवसाला दुर्बीण घ्यायची म्हणतोय. चंद्रावरचे खड्डे दोन दिवसांत बघून होतील, पुढे काय?" पुतण्या सातवीत. घर कोथरूडला, गच्ची सहाव्या मजल्यावर, आणि समोरच्या मैदानाचे दिवे रात्री दहापर्यंत ढणढणत असतात. काय घ्यायचं हे काय बघायचंय यावर ठरतं, म्हणून सूर्यमालेतल्या या किडुकमिडुकाचा, म्हणजे ग्रहांचे चंद्र, लघुग्रह आणि उल्का यांचा, पुणेकराच्या सोयीने हिशेब मांडला.

गुरूच्या चार चंद्रांपुढे बाकीचे फिके, हे आधीच सांगून टाकतो. १० बाय ५०ची बायनॉक्युलर पुरते, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची. हातात धरली तर मात्र सगळं नाचतं. मी गच्चीच्या कठड्यावर पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवतो आणि बायनॉक्युलर तिच्यात रुतवतो. गुरू पूर्वेला थोडा वर आला की नेम धरायचा; डोक्यावर आला की मान मोडते. मग त्या पांढऱ्या थेंबाच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ एका रेषेत, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. कधी तीन, कधी चार, कधी दोनच. मैदानाचे दिवे चालू असले तरी बिघडत नाही.

खरी गंमत दुसऱ्या रात्री. ठिपक्यांच्या जागा बदललेल्या असतात. आयो गुरूभोवती साडेबेचाळीस तासांत फिरतो, युरोपा साडेतीन दिवसांत, गॅनिमीड सात दिवसांत आणि कॅलिस्टो जवळपास सतरा दिवसांत. वहीत रोज एक वर्तुळ आणि त्याच्या आजूबाजूला टिंबं, एवढंच काढायचं. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच केलं होतं, आणि त्याची दुर्बीण आजच्या साध्या बायनॉक्युलरइतकीही स्वच्छ दाखवत नसे. पुढे ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने आयोची ग्रहणं कधी लवकर तर कधी उशिरा होतात यावरून १६७६ साली प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो हे दाखवून दिलं. बायनॉक्युलरची मर्यादा एवढीच की आयो गुरूच्या झगमगाटात बहुतेक वेळा हरवतो. कॅलिस्टो आणि गॅनिमीड लांब जातात, ते चटकन सापडतात.

शनीचा चंद्र टायटन, त्याची गोष्ट वेगळी. तो बुध ग्रहापेक्षा मोठा, त्याला नायट्रोजनचं दाट वातावरण, मिथेनची तळी, आणि १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान तिथे उतरलेलं. वाचायला याच्याइतका रंगतदार चंद्र नाही. गच्चीवरून मात्र तो शनीच्या कड्यांच्या रुंदीच्या चारेक पट अंतरावर लुकलुकणारा एक मंद ठिपका असतो, आणि शहरात त्यासाठी बायनॉक्युलर सोडून ७० मिलिमीटरची दुर्बीण लागते. सोळा दिवसांत एक फेरी, म्हणजे लहान मुलाच्या धीराची परीक्षाच. अर्थात त्या दुर्बिणीतून शनीची कडी दिसतात, आणि खरं बोलायचं तर पैसे तिथेच वसूल होतात, टायटन वरकड. २०२६ ते २०२८ या वर्षांत शनीची प्रतियुती (सूर्याच्या बरोबर समोर येऊन तो रात्रभर दिसतो ती वेळ) ऑक्टोबरात येतेय, म्हणजे पाऊस ओसरताना. ही पुण्याच्या दृष्टीने चांगली बातमी.

व्हेस्टा माझा लाडका, पण पहिल्या दिवशीचा नव्हे. सगळ्यात तेजस्वी लघुग्रह, सव्वापाचशे किलोमीटरचा, ओल्बर्सने १८०७ साली शोधलेला. बायनॉक्युलरमध्ये तो हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. मग ओळखायचा कसा? स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपवर जागा बघायची, आसपासचे तारे वहीत काढायचे, आणि दोन रात्रींनी तेच चित्र पुन्हा काढायचं. प्रतियुतीच्या सुमाराला तो दोन दिवसांत साधारण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतका सरकतो. जो तारा सरकला तो व्हेस्टा. मला तो तिसऱ्या खेपेला सापडला, तेव्हा खाली येऊन बायकोला उठवलं होतं. तिने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. या लघुग्रहावरून उडालेल्या कपच्या पृथ्वीवर पडतात असं मानलं जातं. १९९६ साली राजस्थानात पिपलिया कलान इथे पडलेला दगड त्याच जातीचा. अडचण अशी की संधी दर सतरा महिन्यांनी येते, आणि ती पावसाळ्यात आली की संपलंच.

लघुग्रहांच्या पट्ट्यातला सेरेस आकाराने मोठा पण जास्त अंधुक, म्हणून व्हेस्टानंतर. मंगळाच्या फोबॉस आणि डिमॉस या चंद्रांचा नाद घरगुती दुर्बिणीने करूच नये.

उल्कांना काहीच विकत घ्यावं लागत नाही. ऑगस्टमधल्या ययाती तारकासमूहाच्या उल्कावर्षावाचं कौतुक जगभर होतं, आपण तेव्हा छत्री शोधत असतो. आपला वर्षाव मिथुनेचा, १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा. इतर बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहामुळे. मध्यरात्रीनंतर मिथुन रास माथ्यावर असते. पण कोथरूडमधून हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच दिसतील. पानशेत किंवा मुळशीच्या बाजूला अंधारात गेलात, आणि आकाशात चंद्र नसला, तर मात्र चटईवर आडवं व्हायचं आणि मोजत राहायचं. कानटोपी हवीच.

वहिनीला मी सांगितलं: १० बाय ५०ची बायनॉक्युलर घ्या, ती बसेल असा दणकट ट्रायपॉड घ्या, आणि सुरुवात गुरूपासून करा. त्याच बायनॉक्युलरने पुढे व्हेस्टाही होईल. कडी बघायचीच असा हट्ट असेल तर ७० मिलिमीटरची दुर्बीण, पण खोक्यावरचा पटीचा आकडा वाचूच नका. माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर "५२५ पट" छापलं होतं आणि तिपाई अशी की श्वास सोडला तरी शनी पळायचा. भिंगाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे पट नेली की चित्र नुसतं धुरकट होतं. ७० मिलिमीटरला १४० पट ही हद्द. खरेदीआधी ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या एखाद्या आकाशदर्शनाला जाऊन या; १९४४ पासून ती मंडळी पुणेकरांना आकाश दाखवतायत.

"आणि भाऊजी, गच्चीला कुलूप असतं हो." मग किल्ली सेक्रेटरींकडून संध्याकाळीच मागून ठेवा. रात्री अकराला बेल वाजवून "गुरू बघायचाय" म्हटलं की ते कसे बघतात, ते मी बघितलंय.