ब्रिटिश पबमधलं 'एकावर एक' जेवण: चौघांनी जावं का?

जरूर जावं, पण ऑर्डर विचार करून द्यावी. ब्रिटनमध्ये अनेक पब आठवड्याच्या मधल्या वारांना मुख्य ताटावर 'एकावर एक' देतात. फुकट मिळतं ते दोनांतलं स्वस्त ताट. समजा, चौघांत दोघांनी १८ पौंडांची आणि दोघांनी १२ पौंडांची ताटं घेतली. सगळी ऑर्डर एकदम दिली तर बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त दोन ताटं वजा होतात आणि बिल ३६ पौंड येतं. तेच १८-१८ ची एक आणि १२-१२ ची दुसरी अशा दोन वेगळ्या ऑर्डरी दिल्या तर बिल ३० वर येतं. 'एका टेबलाला एकच कूपन' अशी अट नाही ना, तेवढं आधी वाचावं.

ऑर्डर बारवर जाऊन, टेबलाचा नंबर सांगून द्यायची आणि पैसे तिथेच भरायचे, ही जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. सवलतीचं पैसे भरण्याआधीच सांगायचं. बिल फाडल्यावर ते बदलताना कर्मचाऱ्यांचाही खोळंबा होतो. टेबलावर वाढत असतील तर बिलात सर्व्हिस चार्ज आहे का ते पाहावं. 'ऐच्छिक' लिहिलं असेल तर तो काढायला सांगता येतो. पण सेवा चांगली असेल तर टीप मूळ किमतीवर द्यावी, सवलतीच्या नव्हे. वाढणाऱ्याचे कष्ट काही निम्मे झालेले नसतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून टीपची पूर्ण रक्कम कर्मचाऱ्यांना देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

पैसे सर्वांत वसूल होतात ते फिश अँड चिप्समध्ये, कारण मासा ऑर्डर आल्यावर तळावा लागतो. कॉड किंवा हॅडॉक, बिअर घातलेलं पीठ, जाडसर चिप्स, मटार आणि टार्टर सॉस. चांगल्या ताटात आवरण सुरीखाली कुरकुर वाजतं आणि आत माशाच्या पांढऱ्या पाकळ्या सहज सुटतात. आवरण काळपट आणि वास कडवट असेल तर तेल जुनं झालेलं. मासा चिप्सवर पालथा टाकून आणला की वाफेने खालची बाजू मऊ पडते. मशी पीज, म्हणजे मऊ शिजवून घोटलेले मटार, वेगळ्या वाटीत मागावेत, नाहीतर त्यांचं पाणी चिप्सखाली पसरतं.

स्टेक अँड एल पाय (एल या बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस पेस्ट्रीच्या कवचात) मागवताना तळाला आणि बाजूंनाही कवच आहे का, हे विचारावं. पुष्कळ ठिकाणी वाडग्यातल्या रश्शावर पफ पेस्ट्रीचं झाकण ठेवलेलं असतं. चवीला वाईट नसतं, पण पायचे पैसे देण्याइतकं नाही. बर्गर मात्र इथे मागवूच नये. तो कुठेही मिळतो. रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं ताट, सहसा सवलतीत नसतो. तो खायचाच तर दुपारी लवकर जावं. उशीर झाला की मांस कोरडं होतं आणि सोबतचं यॉर्कशायर पुडिंग (अंडी-मैद्याची फुगलेली भाजलेली वाटी) चिवट.

शाकाहाऱ्यांनी दोन प्रश्न विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. चिप्स कशात तळता? काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात. आणि रश्शात किंवा सॉसमध्ये वूस्टरशर हा आंबट-तिखट सॉस घातलाय का? पारंपरिक वूस्टरशरमध्ये अँकोव्ही मासा असतो.

पेयांवर सूट क्वचितच असते. स्कॉटलंडमध्ये तर दारूचे दर किमान ७२ तास स्थिर ठेवावे लागतात, त्यामुळे तिथे ठरावीक तासांपुरती स्वस्त दारू देणारा 'हॅपी अवर' नाहीच. साधं पाणी मागितलं की फुकट मिळतं. एल घ्यायची तर हँडपंपाची, म्हणजे बारवरचा दांडा ओढून पिंपातून काढलेली घ्यावी. ती ११ ते १३ अंशांवर देतात, म्हणून लागर, म्हणजे नेहमीची थंडगार फिकट बिअर, पिणाऱ्यांना कोमट वाटते. तो दोष नव्हे. उघडलेलं पिंप साधारण तीन दिवसांत संपायला हवं, म्हणून ज्या पंपावर जास्त हात पडतोय तीच मागावी. व्हिनेगरसारखा वास आला तर ग्लास परत करावा. चांगला पब विनातक्रार बदलून देतो. पिंट म्हणजे ५६८ मिलीलिटर, तेव्हा अनोळखी एल आधी घोटभर चाखायला मागावी.

स्वयंपाकघर बार बंद होण्याच्या बरंच आधी, अनेकदा ९ च्या सुमारास बंद होतं. ८ च्या आत ऑर्डर गेलेली बरी. गोड पदार्थांना सवलत नसली तरी स्टिकी टॉफी पुडिंग सोडू नये. खजुराचा ओलसर केक, त्यावर गरम टॉफी सॉस. चौघांत दोन पुरतात, आणि आइस्क्रीमपेक्षा कस्टर्डबरोबर जास्त छान लागतात.