हिमालयन ४११ की ४५०? पुणे ते स्पिती प्रवासानंतरचे परीक्षण

रॉयल एनफिल्डची पहिली हिमालयन मोटारसायकल, म्हणजेच ४११, २०१६ साली बाजारात आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची जागा ४५०ने घेतली. तरीही पुण्यात जुन्या गाड्यांच्या बाजारात ४११ सहज मिळते आणि नव्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त पडते. त्यामुळे डोंगरात लांबचा प्रवास करू पाहणाऱ्यांचा प्रश्न बहुधा याच दोन गाड्यांवर येऊन थांबतो. माझ्याकडे ४५० आहे आणि मित्राकडे ४११, तीही बीएस-६ या प्रदूषण निकषांनंतरची. पुण्याहून शिमला आणि किन्नौरमार्गे स्पितीत शिरून ‘कुंझुम ला’ ही खिंड ओलांडत मनालीला उतरण्याच्या प्रवासात आम्ही वाटेत अनेकदा गाड्या बदलून घेतल्या, म्हणून एकाच रस्त्यावर दोन्हींची तुलना करता आली. माझे मत असे झाले की ४५०ची जादा ताकद दोन ठिकाणी खऱ्या अर्थाने कामी येते: डोंगर सुरू होण्याआधीच्या महामार्गावर आणि चार हजार मीटरच्या वरच्या चढावर. सर्वांत खराब रस्त्यावर मात्र मी आजही ४११च निवडेन.

पुण्याच्या चालकाला हिमालयापर्यंत पोहोचण्यासाठीच नाशिक, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर असा दीड हजार किलोमीटरहून अधिक सपाट रस्ता कापावा लागतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी विसरली जाते. ४११च्या इंजिनाची ताकद २४ अश्वशक्तीच्या थोडी वर आहे आणि गिअर पाच आहेत. ताशी ८० ते ९० किलोमीटरच्या वेगाला ती दिवसभर तक्रार न करता चालते, पण त्यापुढे थरथर वाढते आणि ट्रकला मागे टाकताना आधीपासून अंदाज बांधावा लागतो. ४५०ची ताकद जवळजवळ ४० अश्वशक्ती असून तिला सहावा गिअर आहे, त्यामुळे तीच गती ती अंग न आखडता राखते. संध्याकाळी मुक्कामाला उतरल्यावर कोण किती थकला आहे यावरून त्या दिवशी कोण कोणत्या गाडीवर होता, हे ओळखता येत असे.

खरा फरक उंचीवर कळतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तर कुंझुम ला साडेचार हजार मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब पुण्याच्या तुलनेत ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. दोन्ही गाड्यांत इंधन इंजेक्शन असल्याने विरळ हवेच्या मानाने पेट्रोल आपोआप कमी सोडले जाते आणि कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांसारखा काळा धूर किंवा गुदमरणे अनुभवास येत नाही. मात्र सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरत असेल तर ताकदही कमीच मिळणार, त्यावर इंजेक्शनकडे उपाय नाही. ढोबळ हिशोब केला तर कुंझुमवर ४५०कडे साधारण २४ अश्वशक्ती उरते, म्हणजे ४११ पुण्यात जितकी देते जवळपास तितकी, आणि ४११कडे त्या जागी १५च्या आत. खिंडीखालच्या लोसर गावाहून वर चढताना, सामान लादलेल्या ४११ला दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाण्याचा धीर होत नाही, तर ४५० त्याच वळणांवर तिसऱ्यात शांतपणे चढते. ज्यांना मागे दुसरी व्यक्ती बसवून स्पिती किंवा लडाखला जायचे आहे, त्यांच्यासाठी हा एकच मुद्दा ४५०च्या बाजूने पुरेसा ठरावा.

कुंझुम उतरल्यानंतर बातलपासून ग्राम्फूपर्यंत चंद्रा नदीच्या काठाने जाणारा रस्ता म्हणजे गोटे, वाळू आणि हिमनद्यांतून आलेले नाले. दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांचे पाणी चढते, म्हणून सकाळी लवकर निघणे हीच तिथली पहिली सावधगिरी. अशा ठिकाणी वेग चालण्याइतकाच असतो आणि इंजिन कमी फेऱ्यांवर किती ओढते याला महत्त्व येते. ४११चे इंजिन लांब स्ट्रोकचे, म्हणजे पिस्टनच्या लांब फेऱ्याचे आहे, त्याचा ३२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या आतच पूर्ण मिळतो, त्यामुळे ती पहिल्या गिअरमध्ये जवळजवळ क्लचला हात न लावता दगडांवरून पुढे सरकते. ४५०चा टॉर्क ४० न्यूटन-मीटर असला तरी तो साडेपाच हजार फेऱ्यांवर आहे, म्हणून अगदी संथ चालीत क्लच अर्धवट दाबून फेऱ्या वर ठेवाव्या लागतात. तिचा क्लच हलका आहे हे खरे, परंतु तासन्‌तास तेच केल्यावर डावा हात बोलू लागतोच. सस्पेन्शनच्या बाबतीत मात्र नवी गाडी स्पष्टपणे सरस आहे. मोठा दगड लागला तरी पुढचे चाक सरळ रेषा सोडत नाही.

सीटच्या उंचीचा प्रश्न वेगळा. ४११ची सीट ८०० मिलिमीटरवर आहे, ४५०ची ८२५वर. दोन्हींचे वजन दोनशे किलोच्या जवळपास. मित्राची उंची बेताची असल्याने नाल्यात थांबण्याची वेळ आली की पंचवीस मिलिमीटरचा हा फरक त्याला चांगलाच जाणवे. अशा वाचकांनी शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून निर्णय घेऊ नये. सामान बांधून ताम्हिणी घाटात एखाद्या उतरत्या कच्च्या वाटेवर गाडी उभी करून पाहावी.

४५०च्या गोल पडद्यावर नकाशा दिसतो, परंतु तो फोनवरून येतो, म्हणजे फोन सतत जोडलेला आणि चार्ज होत ठेवलेला हवा. किन्नौरनंतर रस्ता मुळात एकच असल्याने ही सोय शहरातच अधिक उपयोगी आहे. पेट्रोलबद्दल बरीच अनावश्यक धास्ती असते. रेकाँग पिओच्या खाली पंप आहे, काझ्यात पंप आहे आणि दोन्हींमधील अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. काझा ते मनालीही साधारण तेवढेच. ४११ची १५ लिटरची आणि ४५०ची १७ लिटरची टाकी भरलेली असेल, तर बाजूला लटकवलेले कॅन केवळ शोभेचे.

दोघांनी मिळून निघताना एका गोष्टीकडे अवश्य पाहावे. आमच्या दोन्ही गाड्यांना स्पोकची चाके आणि ट्यूब होत्या. ४५०ला ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय २०२४ मध्ये आला आणि नवी घेणाऱ्याने तोच घ्यावा, कारण ट्यूबचे पंक्चर म्हणजे चाक उतरवणे आले. दोन्ही गाड्यांचे पुढचे टायर ९०/९०-२१ असेच आहेत, म्हणून पुढची एक जादा ट्यूब दोघांत पुरते. मागचे मात्र वेगळे आहेत, ४११चे १२०/९०-१७ आणि ४५०चे १४०/८०-१७, तेव्हा त्या ट्यूब प्रत्येकाने आपापल्या घ्याव्यात. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून तिन्ही ट्यूब घेऊन, टायर लिव्हरने (टायर उचकटण्याच्या पट्टीने) चाक एकदा घरीच उघडून बसवून पाहावे आणि मगच सामानाला हात घालावा.