स्वयंपाकघरात उघड्या फळ्या की दारांची कपाटं?
घर-नूतनीकरणाच्या अमेरिकन कार्यक्रमांत पुन्हा पुन्हा तेच: पांढऱ्या टाइल्स, वर उघड्या लाकडी फळ्या. पुण्यातल्या ओट्यावर रोज मोहरी तडतडते. तेलाची वाफ फळीवर बसते, त्यावर रस्त्याची धूळ, आणि थोड्याच दिवसांत बोटाला चिकटणारा पिवळट थर. दर आठवड्याला डबे पुसणार असाल तरच फळ्या लावा, त्याही शेगडीपासून लांब. नव्या इमारतींत भिंत बऱ्याचदा एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची असते. तिथे स्क्रूसाठी भिंतीत बसवलेला साधा प्लग भरल्या डब्यांच्या वजनाने सैल होतो, ब्लॉकसाठीचेच अँकर लागतात.

बंद कपाटांना १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) प्लाय घ्या. कापलेल्या कडांना एज बँडिंग, म्हणजे कडेवर चिकटवायची पट्टी, हवंच, नाहीतर पावसाळ्यात कडा फुगून दार अडू शकतं. रोज फोडणी पडणाऱ्या घरात कपाटंच बरी. हौसेला कपबश्यांपुरती एक फळी पुरे.